माळ्यावरची पुस्तकं



परवा दांडिया बाजारात बँकेतला जुना सहकारी भेटला. "नात काय करते?" म्हटलं, "ॲक्च्युअरी आणि कॉम्प्युटर, दोन्ही." खरं सांगू? हे प्रकरण समजायला मलाच दोन वर्षं लागली.

म. स. विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. आणि सोबत इग्नूचं बीसीए. २०२२ पासून यूजीसीने दोन पदव्या एकदम करायला मोकळीक दिलीय. शिवाय इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीजचे पेपर. त्यातल्या काहींचा एक भाग कॉम्प्युटरवर, 'आर' नावाच्या भाषेत सोडवायचा.

मी १९७० चा बी.कॉम. तेव्हा ॲक्च्युअरी व्हायला लंडनची परीक्षा द्यावी लागे. पुस्तकंही आणली होती. पण बँकेत लागलो आणि वडील म्हणाले, "पगार सुरू झाला ना? आता कशाला?" पुस्तकं माळ्यावर गेली. आणि कॉम्प्युटर? १९८३ च्या कराराआधी त्याच्या विरोधात आम्ही युनियनवाल्यांनी रावपुऱ्यातून मोर्चा काढला होता. फलक मीच रंगवले होते, अक्षर बरं होतं ना!

गेल्या वर्षी नातीचा एक पेपर राहिला. सूनबाई म्हणाल्या, "दोन दगडांवर पाय कशाला? एक सोड." सगळे माझ्याकडे बघायला लागले. वडिलांचंच वाक्य ओठांवर आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, "फी मी भरतो, पुन्हा बसू दे."

त्याच रात्री तिला विचारलं, "२००९ मध्ये रिटायर होताना पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून मी एकरकमी पैसे घेतले. ती रक्कम कशी काढतात गं?" तिने लॅपटॉपवर मृत्यू-तक्ता उघडला. एक लाख माणसं धरायची, दरवर्षी त्यातली किती उरतात ते बघायचं आणि त्यावर व्याजाचा हिशोब. पुढची पंधरा वर्षं हप्ता कापला गेला, २०२४ पासून पेन्शन पुन्हा पूर्ण. आयुष्यभर व्हाउचर तपासले, पण माझ्याच पेन्शनच्या पोटात हे गणित आहे हे मला ठाऊक नव्हतं!

"७६ च्या ओळीत काय आहे?"

तिने पान झरकन वर सरकवलं. "आबा, हा लाख माणसांचा तक्ता आहे, एकट्याचा नाही."

मी पुढे विचारलं नाही.

जूनमध्ये तो पेपर निघाला. मागच्या रविवारी माळ्यावरची पुस्तकं काढली, कसर लागलीय. रद्दीत घालणार होतो. ती म्हणाली, "राहू द्या आबा, सूत्रं तीच आहेत."