खुरपणीची गाणी

गाणं किती टिकंल, हे मी वाद्यं वजा करून ठरवतो. १९७७ च्या ‘जैत रे जैत’ची कॅसेट आमच्याकडं फीत झिजेस्तोवर वाजली. शब्द ना. धों. महानोरांचे, म्हणजे शेती करणाऱ्या माणसाचे. हृदयनाथांच्या चाली अवघड, तरी आमच्या बाया खुरपताना त्या म्हणायच्या. २०१६ ला ‘सैराट’ आला. अजय-अतुलनं त्याचा वाद्यमेळ पार अमेरिकेत ध्वनिमुद्रित केला. नातू म्हणतो, “आबा, असलं संगीत मराठीत झालंच न्हाई.” ऐकताना माझेबी पाय हलतात. पण वाद्यं काढली, की मला त्यातलं निम्मंच गाणं हाती लागतं. आता खुरपताना मोबाईल बांधावर वाजतो. गाणं झ्याक, बाया मुक्या. पिकात माणसं असून रान सुनं वाटतं.