दोन अल्बमांची उमर

वॉटफर्ड हे लंडनच्या वायव्येचं, विसाव्या शतकात छापखान्यांसाठी नावाजलेलं गाव. नव्या शतकाच्या तोंडावर तिथे काही पोरांनी सिक्थ नावाचा मेटल बँड उभा केला. न्यू-मेटल या मेटलच्या प्रकारातल्या ठोकळेबाज, सोप्या रिफची (गिटारच्या पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यांची) तेव्हा चलती होती. या पोरांना मात्र गुंता आवडायचा.

गायक दोन. मिकी गुडमन कुजबुजतो, किंचाळतो, शब्दांचा चुरा करून भिरकावतो. जस्टिन हिल त्या कल्लोळात सूर धरून उभा राहतो. डॅन वेलर आणि ग्रॅहम पिनी यांच्या गिटारी एकमेकींचं बोलणं अर्ध्यावर तोडतात आणि पुढे नेतात. खाली जेम्स लीचचा बास आणि डॅन फोर्डचे ड्रम्स. तबल्यावर वाढलेल्या कानाला आधी वाटतं, यांची सम हरवली. नेटानं ऐकत गेलं की उमगतं, सम जागेवरच आहे. साऱ्यांनी मिळून ती दडवली आहे, आणि नेमक्या क्षणी सहाही जण तिच्यावर एकदम उतरतात. तो क्षण मला दर वेळी आतून हलवतो.

२००३ मध्ये 'द ट्रीज आर डेड अँड ड्राइड आउट, वेट फॉर समथिंग वाइल्ड' हा त्यांचा पहिला अल्बम आला. त्यात गायक निक केव्हच्या 'टुपेलो' या गाण्यालाही त्यांनी आपल्या वादळात ओढलं. २००६ मध्ये दुसरा, 'डेथ ऑफ अ डेड डे' आला: अधिक आवळलेला, अधिक धारदार. २००७ मध्ये दोन्ही गायक बाहेर पडले, आणि पुढच्याच वर्षी बँड थांबला.

पेरलेलं मात्र उगवत राहिलं. अमेरिकेतला पेरिफेरी, इंग्लंडमधला टेसरॅक्ट हे बँड, 'जेंट' या नावानं ओळखली जाणारी मेटलमधली ती सगळी पिढी. त्यांच्या तुटक, कातीव लयींत सिक्थ ऐकू येतो. वेलर पुढे निर्माता झाला, एंटर शिकारीसारख्या बँडच्या ध्वनिमुद्रणांमागे उभा राहिला. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या डाउनलोड संगीत महोत्सवात सिक्थ पुन्हा मंचावर आला, २०१७ मध्ये नवा अल्बमही निघाला. तरी माझा जीव अडकलाय तो त्या पहिल्या दोन अल्बमांतच.

कलावंताची उमर वर्षांत मोजू नये. आपल्यानंतरच्यांचे हात त्यानं किती बदलले, ते पाहावं. दुसऱ्या अल्बममधलं 'ब्लँड स्ट्रीट ब्लूम' लावा, आवाज मोठा ठेवा, आणि पहिल्या ऐकण्यात गोंधळलात तर लगेच पुन्हा लावा.