वकट, लेंड, मुंड

माझ्या खोलीच्या कोपऱ्यात, गुंडाळलेल्या नकाशांच्या शेजारी, एक मोडकी लाकडी बॅट उभी असते. भेटायला येणारे पालक ती पाहून दचकतात. "सर, अजून छडी चालते काय?" असे एका पालकाने भीतभीतच विचारले होते. ती बेसबॉलची बॅट आहे. मुठीच्या वर वीतभर अंतरावर उभी चिरलेली आहे. शिपायाने तीनदा ती भंगारात टाकायला काढली आणि तिन्ही वेळा मी ती परत आणून ठेवली. त्यामागची हकीकत मला फारशी भूषणावह नाही, तरीही सांगतो.

हैदराबादेतील आमच्या मराठी शाळेत 2017 साली बेसबॉल आला. आमचे क्रीडाशिक्षक तेलुगू भाषक, मोठे हौशी गृहस्थ. "साब, क्रिकेट में हमारे बच्चों को कौन पूछता? ये खेल में भीड़ कम है," हा त्यांचा रोकडा हिशेब. दोन ॲल्युमिनियमच्या बॅटी, चेंडू आणि चामडी हातमोजे आले. बॅटीवर चेंडू बसला की 'टण्ण' असा देवळातल्या घंटेसारखा आवाज व्हायचा आणि आठवीच्या वर्गातली सगळी तोंडे खिडकीकडे वळायची.

त्यातला सर्वांत मोठा आवाज एकाच मुलाचा असे. नववीतला, अंगाने काटकुळा. वडील ऑटो चालवायचे. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, मैदानावर दखनी, अशा तीन भाषांत तो सारख्याच वेगाने भांडत असे. त्याचे मनगट मात्र अस्सल हैदराबादी होते. जयसिंहा, अझरुद्दीन, लक्ष्मण यांच्या या गावात प्रत्येक पोराला वाटते की सगळी फलंदाजी मनगटात असते. लक्ष्मणच्या 2001 सालच्या ईडन गार्डन्सवरील 281 धावा या पोरांनी जन्माआधीच पाहिल्या असाव्यात, इतक्या त्या त्यांच्या अंगात भिनलेल्या! हा मुलगाही पाय न हलवता, कंबर न वळवता, नुसत्या मनगटाच्या झटक्याने चेंडू पाण्याच्या टाकीपलीकडे पाठवायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो.

पुढच्या वर्षी क्रीडाशिक्षकांनी मागणीपत्रात एक ओळ वाढवली : लाकडी बॅट, एक नग. मी विचारले, "ही मोडते ना?" ते म्हणाले, "हौ साब, टूटती. पर आगे जाको इसीच से खेलना पड़ता." मोठ्या वयोगटाच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत लाकडी बॅटच चालते, हे त्यांना ठाऊक होते. मी त्या ओळीवर काट मारली आणि समासात लाल शाईने शेरा लिहिला, 'टिकाऊ वस्तूच घ्यावी.' शाळेचा पैसा वाचवल्याचे समाधान त्या दिवशी मला पुरेपूर मिळाले.

मुलगा दहावीत असताना त्याला एका निवड शिबिराचे बोलावणे आले. वडिलांनी त्या दिवशी ऑटोला सुट्टी दिली, मीही बरोबर गेलो. तेथे सर्वांच्या हाती लाकडी बॅटी होत्या. पहिला चेंडू मुठीजवळ लागला. मुलाने बॅट टाकून हात झटकले. झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या असाव्यात. दुसरा चेंडू टोकाला लागून सरपटत गेला. तिसऱ्याला त्याने सगळा जोर लावला. 'टण्ण' ऐवजी फांदी मोडल्यासारखा 'कडाड्' आवाज आला. एक तुकडा त्याच्या हातात राहिला आणि दुसरा सालपटाला लोंबकळू लागला. पोराने आधी निवड करणाऱ्यांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. "सर, भरून द्यावी लागेल का?" एवढेच त्याने विचारले. माझा लाल शाईचा शेरा मला तेव्हा आठवला.

बॅट भरून द्यावी लागली नाही. निवडही झाली नाही. मोडकी बॅट तो कागदात गुंडाळून घरी घेऊन आला.

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला. उशिरा सुचलेले शहाणपण, दुसरे काय! पोकळ ॲल्युमिनियमची भिंत चेंडू लागताच किंचित आत दबते आणि लगेच उसळते. हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. लाकूड तसे दबत नाही. दबायचे काम सगळे चेंडूवर पडते आणि त्यात त्याची शक्ती वाया जाते. पोकळ बॅटीचे वजन हाताकडे सरकलेले असते, भरीव लाकडाचे टोकाकडे. म्हणून तेवढ्याच वजनाची लाकडी बॅट फिरवायला जड वाटते. शिवाय चेंडू नीट बसण्याची जागा लाकडावर फार थोडी, टोकापासून साधारण सहा इंचांवर. तेथे लागला तर हाताला कळतही नाही. इकडेतिकडे लागला की हात लगेच तक्रार करतात. धातूची बॅट मात्र चुकीच्या फटक्यालाही शाबासकी देते. आमच्या मुलाला दोन वर्षे अशीच शाबासकी मिळत होती, आणि ती देणाऱ्यांत मीही होतो.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांनी 1974 पासून ॲल्युमिनियमची बॅट चालू दिली, तिथल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेने लाकूड सोडले नाही. पुढे महाविद्यालयांनाही 2011 पासून धातूच्या बॅटीची उसळी लाकडाइतकी आवरणारा नियम करावा लागला. क्रिकेटमध्ये डेनिस लिली 1979 च्या डिसेंबरात पर्थच्या कसोटीत ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता. इंग्लंडचा कर्णधार ब्रेअर्ली याने हरकत घेतली, लिलीने रागाने बॅट भिरकावली, आणि 1980 च्या नियमावलीत बॅट लाकडाचीच हवी असे स्पष्ट लिहिले गेले.

यानंतर मी स्वतःच्या पैशाने एक लाकडी बॅट आणली. ॲश लाकडाच्या बॅटीवरचा शिक्का आकाशाकडे किंवा जमिनीकडे ठेवायचा, म्हणजे चेंडू रेषांच्या कडेवर बसतो आणि लाकूड फाटत नाही, हे मी वाचले होते. शिबिरात त्या मुलाचा शिक्का चेंडूसमोर होता. ही साधी गोष्टही त्याला कोणी सांगितली नव्हती. पण फटक्याची लय कशी शिकवायची? मी पडलो मराठीचा एम. ए.!

तेव्हा मला देगलूरची गल्ली आठवली. लहानपणी आम्ही बाभळीच्या दांडूने विटी खेळायचो. नुसत्या हाताने मारली तर विटी जवळच पडते आणि तळहात झिणझिणतो. मागच्या पायावर भार, मग कंबर, मग खांदा आणि सर्वांत शेवटी हात, असे झाले तरच ती गल्लीच्या टोकाला जाते. बेसबॉलचा फटकाही या क्रमाचाच. मी मुलाला म्हटले, "मोजत मार. वकट, भार मागे. लेंड, कंबर वळव. मुंड, हात सोड."

तो हसायलाच लागला. "सर, हे तर आमच्या गल्लीतले ओकटि, रेंडु, मूडु! तुम्हाला तेलुगू कधी आली?"

मी चाटच पडलो. वकट, लेंड, मुंड, नाल, आर... सारा महाराष्ट्र विटीदांडूत हे मोजत आला. हे आकडे दक्षिणेकडून आले, हे मी पुस्तकात वाचलेही होते. पण खरे ओळखले ते या पोराने. 'नाल' म्हणजे नालुगु, चार. 'आर' म्हणजे आरु, सहा. मधला पाच कुठल्या वेशीवर सांडला, देव जाणे. सीमेवरच्या आपल्या घरांत कोणता शब्द कोणाचा यावर पुष्कळ वाद होतात. खेळणाऱ्या पोरांनी मात्र पावती न मागता आकडे घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरले.

पहिले आठ दिवस त्याचे हात सुजले. पल्ला निम्म्यावर आला. "सर, जुनी बॅट द्या ना," असे तो रोज म्हणायचा आणि मी रोज नाही म्हणायचो. या वेळी नाही म्हणणे मला जड जात होते. महिन्याभराने एका संध्याकाळी 'ठक्क' असा कोरडा, लहानसा आवाज आला. चेंडू टाकीपलीकडे गेला नाही, टाकीवर लागला. त्याने हातांकडे पाहिले. "सर, काहीच कळलं नाही हाताला," तो हळूच म्हणाला.

इथे त्याची पुढे निवड झाली असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. पण तसे झाले नाही. त्या गटाचे त्याचे वय निघून गेले. आता तो कामाला लागला आहे. तरी रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर येतो आणि लहान मुलांना शिकवतो. पोरांत मराठी किती, तेलुगू किती, मी मोजत नाही. खोलीत बसून मला त्यांचा आवाज ऐकू येतो : वकट, लेंड, मुंड.

मोडकी बॅट त्यानेच मला आणून दिली. मागणीपत्रे सहीला आली की माझी नजर आपोआप तिच्याकडे जाते. लाल शाईचे पेन मी अजून वापरतो, पण आधी मागणी करणाऱ्याला समोर बसवून विचारतो, "हे कशासाठी हवे आहे, जरा समजावून सांगा."