गती आणि शुद्धी

संस्कृतात 'धाव्' असा एक धातू आहे. पाणिनीय धातुपाठात त्याचे दोन अर्थ दिलेले आहेत. एक गती आणि दुसरा शुद्धी. आपले 'धावणे' पहिल्या अर्थाचे, आणि सकाळी उठून आपण जे दंतधावन करतो ते दुसऱ्या अर्थाचे होय. हा धातू शिकविताना वर्गातील मुले हटकून हसत. पळण्याचा आणि दात घासण्याचा संबंध काय, असे विचारीत. आम्ही त्यांस एवढेच सांगत असू की, वाहते पाणी धुते, साचलेले पाणी धूत नाही. हल्ली जव्हार-मोखाड्याच्या डोंगरवाटांवर आणि वैतरणेच्या खाडीकाठी हौसेने धावावयास येणारी मंडळी पाहिली म्हणजे त्या धातूची आठवण होते. गती पुष्कळांस साधते. दुसऱ्या अर्थाचे काय, हा प्रश्न मात्र मनात राहतो.

प्रथम या वाटांविषयी थोडे सांगितले पाहिजे. जव्हार हे समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले गाव. १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा मुलूख १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. धावण्याचा नवा अभ्यास करणाऱ्याने गावातून हनुमान पॉइंटपर्यंत जाऊन परत यावे. चढ बेताचा आहे आणि दरीवरून येणारा वारा थकवा जाणवू देत नाही. त्याहून सराव झालेल्याने शिरपामाळाकडे वळावे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीस जाताना शिवछत्रपतींचा मुक्काम तेथे पडला होता, असे येथील परंपरा सांगते. पाय चांगले तयार झाल्यावर मोखाड्याचा रस्ता धरावा. तो पंचवीसेक किलोमीटरांचा, सतत चढउताराचा आहे. पुढे खोडाळ्यावरून सूर्यमाळास जाणारा चढ तर भल्याभल्यांचा दम काढतो. मार्गशीर्ष-पौषातील सकाळी दऱ्यांत धुके साचलेले असते आणि माथ्यावर कोवळे ऊन पडलेले असते. तो देखावा वर्णन करण्यापेक्षा पाहावा हे बरे. पावसाळ्यात मात्र येथे शंभर इंचांवर पाऊस कोसळतो, तेव्हा शेवाळलेल्या उतारांवर धावण्याचे साहस करू नये. एरव्हीही उतारावर लहान पावले टाकावीत, नाहीतर गुडघे पुढे कुरकुर करतात.

आमच्या घरात हा विषय शिरला तो धाकट्या सूनबाईंच्या निमित्ताने. गरोदरपणी त्यांच्या रक्तात साखर वाढलेली आढळली होती. बाळंतपणानंतर ती उतरली, तरी अशा स्त्रियांस पुढे मधुमेह जडण्याचा संभव अधिक असतो, म्हणून नियमित व्यायाम ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले. सूनबाई शाळेत असताना चांगल्या धावत असत. मूल वर्षाचे झाले तेव्हा त्यांनी पहाटे धावावयास जाण्याची परवानगी विचारली. आमचे घर तीन पिढ्यांचे. वडील वहिनी घराच्या धनीण. त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, सून रस्त्यावर धावू लागली की घर मागे राहते. सकाळचा चहा, दूध, मुलांचे डबे हे कोण पाहील? आणि बायकांच्या शरीराला एवढा ताण सोसतो का?"

दुसऱ्या शंकेचे उत्तर इतिहासात होते. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रिया ८०० मीटर धावल्या. ती शर्यत स्त्रियांस झेपत नाही असा गवगवा होऊन ती बंद झाली, आणि पुन्हा सुरू होण्यास १९६० साल उजाडले. स्त्रियांची मॅरेथॉन तर ऑलिंपिकमध्ये १९८४ साली प्रथम झाली. त्याच सामन्यांत आपली पी. टी. उषा अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने पदकास मुकली. हे ऐकून वहिनी काही वेळ गप्प राहिल्या. पण पहिली शंका इतिहासाने सुटणारी नव्हती. एकत्र कुटुंबात एका माणसाला तासाची मोकळीक द्यावयाची, तर तो तास दुसऱ्या कोणाच्या तरी हातातून निघावा लागतो. म्हणून आम्ही पुरुषमंडळींनी दूध आणणे, चहा ठेवणे आणि डबे भरणे अशी वाटणी करून घेतली. साठी उलटल्यावर पोहे परतावयास शिकलो, आणि ते बरे होतात असे नातवंडे म्हणतात. तेव्हा कोठे सूनबाईंची पावले उंबऱ्याबाहेर पडली.

त्यांचे माहेर सफाळ्याचे, वैतरणेच्या खाडीपासून जवळच. दिवाळीस माहेरी गेल्या तरी त्यांनी हा क्रम सोडला नाही. मागे तांदुळवाडीचा किल्ला, एका अंगास तिवरांची दाट झाडी, समोर संथ रुंद पाणी, आणि पुढे एडवण, केळवे, दातिवरे ही किनाऱ्यावरची गावे. दातिवऱ्याच्या पलीकडच्या तीरास अर्नाळ्याचा किल्ला; १७३७ साली तो मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. पुळणीवर धावण्यास ओहोटी हवी, कारण ओली घट्ट वाळू पायास आधार देते आणि कोरड्या वाळूत पाय रुततो. येथे पंचांग उपयोगी पडते. कोळ्यांचा हिशेब असा की, तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा सुमाराचा तास निघतो. अष्टमीस सहाच्या सुमारास भरती, म्हणून त्या दिवशी सकाळी पुळण पाण्याखाली असते. पौर्णिमा-अमावास्येस भरती बाराच्या आसपास येते. तेव्हा सकाळी सहाला पाणी दूर गेलेले असते आणि धावणाऱ्यास मैदान मोकळे मिळते. शहरातून येणाऱ्यांनी घड्याळाबरोबर तिथीही पाहावी.

चैत्र सरता सरता सूनबाई मोखाड्याच्या रस्त्याने पाड्यांच्या बाजूस धावू लागल्या. एके दिवशी परत आल्या त्या काहीशा गप्प. चहा घेताना त्यांनी सांगितले की, वळणावर चार-पाच बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढत होत्या. वाट अरुंद होती, म्हणून ह्या कडेला सरून उभ्या राहिल्या. त्यांतील एका म्हातारीने विचारले, "कोण लागलंय गं बाई तुझ्या मागं?" ह्या म्हणाल्या, "कोणी नाही, आजी." म्हातारी म्हणाली, "मग कशाला धावतेस? तुला पाणी तर न्यायचं नाही."

म्हातारीच्या बोलण्यात टोचणी नव्हती, साधे कुतूहल होते. पण आमच्या घरात त्या प्रश्नास कोणी उत्तर देऊ शकले नाही. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते आणि याच डोंगरांतून वळणे घेत खाडीस मिळते. येथील पिंजाळ आणि सूर्या याही शेवटी तिलाच मिळतात. तिच्यावर १९५७ साली मोडकसागर झाला, आणि अलीकडे मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणेचे धरण उभे राहिले. दोहोंचे पाणी मुंबईस जाते. पुराणांतील वैतरणी पार करण्यासाठी गोदान सांगितले आहे. येथील वैतरणेचे पाणी मुंबईच्या माणसास नळाची तोटी फिरवताच मिळते, आणि तिच्याच खोऱ्यातील पाड्यांवर वैशाखात विहिरी तळ गाठतात व टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईकर येथे येऊन निसर्ग पाहत धावतो. ज्या वाटेने तो धावतो ती वाट हंडे वाहणाऱ्या पावलांनी मळलेली असते, हे त्याच्या ध्यानी येतेच असे नाही.

वहिनी हे सर्व ऐकत होत्या. लहानपणी त्यांनी स्वतः आडाचे पाणी शेंदलेले आहे. त्या सूनबाईंस म्हणाल्या, "उद्यापासून जरा उशिरा नीघ. त्यांचे पाणी भरून होऊ दे. वाट आधी त्यांची." ज्यांस सुनेचे धावणे नको होते, त्यांनीच तिची वेळ ठरवून दिली. आता सूनबाई परतेपर्यंत धाकट्या नातवास त्याच सांभाळतात, आणि उशीर झाला तर दाराशी येऊन रस्ता न्याहाळतात.

या डोंगरांत धावण्याचे सामर्थ्य किती आहे, हे जगाने पाहिलेले आहे. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत अशाच चढउतारांवर अनवाणी धावत वाढली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत १०,००० मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळविले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई सामन्यांत रौप्य. २०१६ साली ती रिओ येथे ऑलिंपिक मॅरेथॉन धावली. आमच्या वर्गांतही पाड्यांवरून रोज चार-चार किलोमीटर धावत येणाऱ्या मुली होत्या. घंटेआधी पोहोचल्या की धापा टाकीत हजेरी देत. त्यांतील कित्येकींचे धावणे सातवी-आठवीत थांबले. घरचे पाणी, धाकटी भावंडे आणि लवकर ठरलेले लग्न यांपुढे शाळा मागे पडली. त्यांच्या पायांत बळ कमी नव्हते. त्यांचे सकाळचे काम आपल्या हाती घेणारे घरात कोणी नव्हते.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच की, या वाटांवर अवश्य धावावे. साठी उलटलेल्यांनी आधी वैद्यास प्रकृती दाखवावी आणि चालण्यापासून आरंभ करावा. घरातील सुना-मुलींस धावावेसे वाटत असेल तर नुसता होकार देऊन थांबू नये. त्यांचा सकाळचा एक तास आपण उचलावा. आणि डोंगरात समोरून हंडा आला, मोळी आली किंवा दप्तर पाठीस लावलेली पोर आली, तर आपण कडेला सरून त्यांस वाट द्यावी. घड्याळातील चार-दोन क्षण त्यात जातील. शरीर गतीने धुतले जाते. मन धुतले जाण्यास अशा वेळी थांबावे लागते.