सिस्टरचं इंग्रजी

आपल्या बीड जिल्ह्यात मुलगी बारावी झाली की घरात एकच चर्चा सुरू होते. आता हिला कशाला घालायचं? मास्तरकीला की नर्सिंगला? मास्तरकीच्या जागा किती निघतात ते तुम्हांला ठाऊकच आहे, म्हणून नर्सिंगकडे ओढा वाढला. आमच्या अंबाजोगाईला तर स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकापासून आहे. रुग्णालयात लगबगीनं फिरणाऱ्या सिस्टर पाहतच इथल्या मुली मोठ्या झाल्या.

पण शिकलेल्या मुली पुढं जातात कुठं? बऱ्याच जणी पुण्या-मुंबईला. आणि तिथल्या मोठ्या रुग्णालयांत आता नुसते पुणेकर-मुंबईकर नसतात. ओमान, इराक, केनिया, टांझानिया अशा देशांतून माणसं हृदयाच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी येतात. त्यांच्या उशाशी रात्रभर कोण असतं? केज-धारूरकडची आपलीच एखादी पोरगी! तिला इंग्रजी किती लागतं आणि कसलं लागतं, हे आज तुम्हांला सांगायचं आहे.

मी घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. नर्सिंगशी माझा तसा संबंध नाही. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तिचे आईवडील दर दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणारे. ही आजीजवळ राहून शिकली, जीएनएम झाली आणि पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात लागली. पहिल्या पगारापासून निम्मे पैसे घरी. फराळाची ताटली पुढं ठेवली तरी ती हात लावीना. म्हणाली, “बाई, मी नोकरी सोडतेय.”

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. केनियाहून आलेले एक गृहस्थ. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रात्री ते सांगू लागले, पायात ‘पिन्स अँड नीडल्स’ होतंय. हिला वाटलं, सुई टोचतेय. हिनं हाताची सलाईनची सुई तपासली, चिकटपट्टी नीट केली. ते पुन्हा तेच सांगताहेत, ही पुन्हा सुईच बघतेय! शेवटी ते चिडले. मोठ्या सिस्टर आल्या, त्यांना कळलं की पायाला मुंग्या येताहेत. अशा वेळी पट्टी घट्ट झालीय का, बोटं गार पडलीत का, हलतात का, हे तातडीनं पाहावं लागतं. शिरेवर दाब येत असेल तर उशीर महागात पडतो. त्या रात्री वेळेवर निभावलं. पण नंतर चार जणांसमोर हिला ऐकवण्यात आलं, “इंग्रजी येत नसेल तर गावाकडं जा.”

“बाई, टिंगलिंग, नम्बनेस सगळं पुस्तकात होतं हो. मला पाठ आहे. पण या सुया कुठून आल्या?” तिचा गळा दाटून आला.

मी म्हटलं, “अगं, आपल्या पायाला तरी खऱ्या मुंग्या कुठं चढतात?” ती रडता रडता हसली. आणि माझ्या डोक्यात मात्र विचार सुरू झाला.

तुम्हीच पाहा. हिला इंग्रजी येत नव्हतं असं कसं म्हणायचं? हायपरटेन्शन, ॲनिमिया, इडिमा असे शब्द ती झोपेत सांगेल. केसपेपर इंग्रजीत, औषधांचा तक्ता इंग्रजीत, ड्यूटी बदलताना द्यायचा रिपोर्ट इंग्रजीत. अडलं ते डॉक्टरांच्या इंग्रजीत नव्हे, आजारी माणसाच्या इंग्रजीत! पुस्तकातली सूज ‘इडिमा’, माणसाची सूज ‘स्वेलिंग’. पुस्तकात ‘व्हर्टिगो’, माणूस म्हणणार ‘डिझी’. ब्रिटिश वळणाचं इंग्रजी बोलणारा ‘आय फील सिक’ म्हणाला, तर तो नुसता आजारी आहे असं नाही, त्याला मळमळतंय. टब आणायला हवा.

मी एक शंभर पानी वही घेतली. तिच्या मैत्रिणी, माझ्या ओळखीच्या सिस्टर, कुणी सुट्टीला आलेल्या, कुणी फोनवर भेटलेल्या, सगळ्यांना एकच विचारू लागले, “तुझी जीभ नेमकी कुठं अडते?” स्वयंपाक करता करता वही ओट्यावर उघडी असे. पानावर हळदीचे डाग पडले, पण पानं भरली.

त्यातून काही गोष्टी लख्ख दिसल्या. डॉक्टरांशी बोलताना फारसं कुणी अडत नाही. अडतात ते फोनवर, कारण तिथं ओठ दिसत नाहीत, हातवारे चालत नाहीत. अडतात धीर देताना. अडतात आकड्यांत. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ घाईत सारखेच ऐकू येतात आणि औषधाच्या बाबतीत हा फरक जिवावरचा असतो. म्हणून जाणत्या सिस्टर आकडे सुटे करून बोलतात, ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’. आणि फोनवर ऐकलेली सूचना लिहून घेऊन परत वाचून दाखवतात.

मापांचंही तसंच. आपण ताप फॅरनहाइटमध्ये मोजतो, ते सेल्सिअसमध्ये, आपलं ९८.६ म्हणजे त्यांचं ३७. रक्तातली साखर आपल्याकडे १८० म्हणतात, ती ब्रिटनच्या पद्धतीनं १० होते. दहाची सवय असलेल्या नातेवाइकानं एकदम एकशेऐंशी ऐकलं, तर त्याची छातीच दडपणार की नाही?

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. इराकहून किंवा ओमानहून आलेल्या बाईंचं इंग्रजीही आपल्यासारखंच शिकलेलं, तोडकंमोडकं. काही कळलं नाही तरी भिडेखातर त्या ‘येस, येस’ म्हणतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या डॉक्टरांपुढं मान हलवतात ना, तसंच. म्हणून ‘तुम्ही अमुकच ना?’ असं नाव घेऊन विचारायचं नाही. ‘तुमचं नाव सांगा’ म्हणायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचं. रुग्णाची ओळख पटवणं आणि ड्यूटी बदलताना नीट माहिती देणं, या दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली रुग्णसुरक्षेच्या नऊ उपायांत घातल्या आहेत. ‘समजलं का?’ हा प्रश्नही फसवा. त्याऐवजी ‘गोळी कधी घ्याल ते मला सांगा बरं’ म्हणावं.

आणि हे काही आजचं शहाणपण नाही बरं का. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात हेच बजावलं होतं. रात्र चांगली गेली का, असं मोघम विचारू नका. किती तास झोप लागली, कोणत्या वेळी लागली, ते विचारा. तिथं तर दोघांचीही मातृभाषा इंग्रजीच होती!

ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या अखेरीस आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी इंग्रजीची एक वेगळी परीक्षाच तयार झाली. तिला ओईटी म्हणतात. ब्रिटनची नर्सिंग परिषदही ती मानते. तीत निबंध नसतो. नर्सला रुग्णाच्या टिपणांवरून पत्र लिहावं लागतं, आणि तोंडी परीक्षेत समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होऊन बसतो; त्याच्याशी बोलायचं. व्याकरणाबरोबर तुम्ही त्याचं ऐकून घेतलंत का, सोपं करून सांगितलंत का, हेही पाहतात. म्हणजे मला ओट्याशी उमगलं ते तिकडे आधीच ठरलेलं होतं.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट आमच्या वॉर्डांतली. आपल्या भागातला रुग्ण काय बोलतो, आठवा. ‘पोटात कालवतंय.’ ‘बरगडीत चमक निघतीय.’ ‘जीव घाबराघुबरा होतोय.’ बायका तर खालच्या आवाजात ‘अंगावरून जातंय’ एवढंच म्हणतात. तांड्यावरची आजी गोरमाटीत बोलते, बीडकडची खाला दखनीत. आणि आपली सिस्टर हे सगळं ऐकून कागदावर डॉक्टरांच्या इंग्रजीत उतरवते. दिवसातून पन्नास वेळा! एवढं भाषांतर तर मी बी.ए.च्या तीन वर्षांत केलं नसेन. अशा मुलीला ‘भाषा येत नाही’ म्हणायचं?

हेच मी तिला सांगितलं. म्हटलं, “तुला मुंग्या कळतात, चमक कळते. त्याच दुखण्याला त्या माणसाच्या घरी काय म्हणतात, एवढंच शिकायचं राहिलंय.” मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एकीकडे आपला शब्द, दुसरीकडे त्यांचा. मुंग्या येणं, मळमळणं, चक्कर, ठणका, आग होणं, लघवीला जळजळ. रोज रात्री पाळी संपल्यावर ती फोन करी. मी कधी केनियाचा म्हातारा होई, कधी ओमानची सासूबाई. आमचे हे दाराआडून म्हणत, “आज कोण आजारी आहे?”

तिनं नोकरी सोडली नाही. फोन उचलताना अजून पोटात गोळा येतो म्हणते. पण समोरच्याला ‘प्लीज से इट अगेन, स्लोली’ म्हणायची तिला आता लाज वाटत नाही. पुन्हा विचारणं हा अडाणीपणा नाही, रुग्णाची काळजी आहे, हे तिला पटलंय. धाकट्या भावाला तिनं अंबाजोगाईला कॉलेजात घातलं. आणि यंदा दसऱ्याला तिच्या आईवडिलांनी उचल घेतली नाही.

तुमच्या घरी, शेजारी कुणी मुलगी नर्सिंग शिकत असेल तर तिला जाडजूड व्याकरणाचं पुस्तक आणून देऊ नका. एक वही द्या. रेघ मारून द्या. डावीकडचे शब्द तुम्ही भरा, म्हणजे आजीचे, मावशीचे, आपल्या दुखण्याखुपण्याचे. उजवीकडचे तिला शोधू द्या. रोज दहा मिनिटं तुम्ही रुग्ण व्हा आणि तिला प्रश्न विचारू द्या. तुम्हांला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. मराठीत कण्हा, ती इंग्रजीत विचारील. आकडे मात्र तिच्याकडून सुटे करूनच म्हणवून घ्या. आणि ती अडखळली तर घरात कुणाला हसू देऊ नका.