जामा मशिदीखालची लाल मजार

दिल्लीला गेलेला मराठी माणूस लाल किल्ला पाहतो, चांदनी चौकात पराठे खातो आणि जामा मशिदीच्या पायऱ्या चढतो. पण मशिदीच्या पूर्व दरवाजाखाली, मीना बाजाराच्या गर्दीत असलेल्या छोट्याशा दर्ग्याकडे त्याचे क्वचितच लक्ष जाते. इथे दोन मजारी शेजारी-शेजारी आहेत. हिरवी हरे भरे शाह यांची आणि लाल सरमदची. हा लाल रंग सांडलेल्या रक्ताची खूण, असे भाविक मानतात.

कोण हा सरमद? इराणकडून आलेला, ज्यू घराण्यात जन्मलेला व्यापारी. पुढे त्याने इस्लाम स्वीकारला. १६३०च्या दशकात तो सिंधमधल्या ठठ्ठा शहरी आला. तिथे अभयचंद नावाच्या हिंदू तरुणावर त्याचा जीव जडला आणि व्यापार सुटला, अंगावरचे कपडेही सुटले. ‘दबिस्तान-ए-मज़ाहिब’ या फारसी ग्रंथाचा कर्ता १६४७मध्ये त्याला हैदराबादेत भेटला. ग्रंथातली ज्यू धर्माची माहिती सरमदकडूनच आलेली आहे. अभयचंदने केलेला तोराहच्या आरंभाचा फारसी अनुवादही त्यात आहे.

दिल्लीत शाहजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह त्याचा चाहता झाला. पण १६५९मध्ये औरंगजेबाने दाराला ठार केले आणि सरमदचे छत्र गेले. त्याच्यावर खटला चालला. आधी नग्नतेचा मुद्दा निघाला. मग कलमा म्हणायला सांगितल्यावर त्याने ‘ईश्वर नाही’ एवढेच अर्धे वाक्य म्हटले. आपण अजून नकारातच आहोत, पुढचे कसे म्हणू, असा त्याचा खुलासा होता, असे सांगतात. १६६१च्या सुमारास त्याचा शिरच्छेद झाला.

पुढच्या शतकात युरोपात असेच काहीसे घडले. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकचा खजिना सांभाळणारा ज्यू सावकार योसेफ स्यूस ओपेनहाइमर. १७३७मध्ये ड्यूक अचानक वारला आणि लगेच ओपेनहाइमरला अटक झाली. ड्यूकच्या करांचा सगळा राग या ज्यूवर निघाला. ४ फेब्रुवारी १७३८ रोजी श्टुटगार्टमध्ये त्याला फाशी दिले आणि प्रेत सहा वर्षे लोखंडी पिंजऱ्यात टांगून ठेवले. नात्सींनी १९४०मध्ये त्याच्यावर द्वेषपूर्ण चित्रपटही काढला. सरमदवर ज्यू असल्याचा आरोप नव्हता, हा फरक विसरू नये. पण दोघांच्याही बाबतीत आश्रयदाता गेला आणि मगच गुन्हे सापडले! न्यायासनासमोर कागद नीट मांडलेले असले, तरी निकाल आधीच ठरलेला असू शकतो.

दिल्लीत आणखी एक जागा पाहण्यासारखी आहे. हुमायून रोडवरचे १९५६चे ज्युडा हयाम सिनेगॉग. आपल्या कोकणातले ‘शनवार तेली’, म्हणजे बेने इस्राएल, नोकरी-धंद्यासाठी राजधानीत आले, त्यांचाही या प्रार्थनाघराशी जिव्हाळ्याचा संबंध. भारतात ज्यूंना शेजाऱ्यांकडून छळ सोसावा लागला नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो. हा अभिमान रास्त आहे. पण सरमदची मजार सांगते, की वेगळा विचार करणाऱ्याला मात्र इथेही किंमत मोजावी लागली.

जामा मशीद मेट्रो स्थानकावरून मजार चालत गाठता येते. डोके झाका, चपला बाहेर ठेवा. जवळच मौलाना आझादांची कबर आहे. सरमदवर त्यांनी ऐन तारुण्यात निबंध लिहिला होता. दोन्ही ठिकाणी घटकाभर थांबा. लाल किल्ला समोरच आहे. तो नंतरही पाहता येईल.