हाताखालून गेलेलं

गोळी

माउस उलटा करायचा, पोटावरची गोल चकती बाणाच्या दिशेनं फिरवायची आणि खाली तळहात धरायचा. गोळी टपकन हातात पडे. चांगली वजनदार, आत पोलाद आणि वर रबर. मग आत डोकवायचं. एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन बारीक रूळ दिसत, एक आडवी चाल मोजणारा आणि एक उभी. तिसरं चाक स्प्रिंगवर, त्याचं काम फक्त गोळीला त्या दोघांवर रेटून धरण्याचं. रुळांच्या टोकाला खाचा पाडलेल्या चकत्या. चकतीच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडणारा दिवा, दुसऱ्या बाजूला तो टिपणारा सेन्सर. चकती फिरली की प्रकाश तुटत-जुळत जाई आणि तेवढ्या मापानं कर्सर सरके. माउस कसा चालतो हे कुणाला विचारावं लागत नसे, नुसतं बघून कळे.

रुळांच्या मधोमध मळाचं काळं कडं बसायचं. धूळ, हाताचा घाम, शर्टाच्या बाहीचे तंतू. ते नखानं खरवडायचं, नाही निघालं तर ब्लेडच्या पाठीनं, वरून स्पिरिटचा बोळा. डीटीपीच्या खोलीत पानं लावायला बसण्याआधी ऑपरेटर हे करूनच बसत, कारण कर्सर अडखळला तर कॉलमची रेघ अडखळते. सायबर कॅफेत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये गोळ्या चोरीला जात. त्या गोळीचं बाहेर काय करायचं हे चोरालाही ठाऊक नसावं. वैतागून कॅफेवाले चकती फेविक्विकनं कायमची बंद करत. चोरी थांबे, पण साफसफाईही थांबे, आणि थोड्याच दिवसांत तो माउस फक्त डावीकडे जाई.

गोळी गेली त्याचं दुःख नाही. नंतर आलेला लाल दिव्याचा माउस सरस होता, हे तो हातात आला त्याच दिवशी कळलं. पण बिघाड डोळ्यांना दिसायचा आणि बोटांनी निघायचा, तो प्रकार तिच्याबरोबर गेला.

गोल पिन

जांभळी कीबोर्डची, हिरवी माउसची. आत सहा पिना, त्यातली एखादी वाकलेली. टेबलाच्या मागे हात घालून चाचपत बसवायची. मशीन चालू असताना निसटली तर नुसती परत लावून भागत नसे, रीस्टार्ट करावं लागे. आयबीएमच्या १९८७ सालच्या पीएस-टू मशीनवरून तिचं नाव पडलं. ती मशीन केव्हाच भंगारात गेली, नाव मात्र त्या भोकाला चिकटून राहिलं. यूएसबी आली आणि हे संपलं. बरं झालं.

टेबलाची काच

सरकारी कचेरीत, सहकारी बँकेत, हेडमास्तरांच्या खोलीत टेबलावर जाड काच असे. तिच्याखाली गणपती, सुट्ट्यांची यादी, कुणाकुणाची व्हिजिटिंग कार्डं. गोळीचा माउस तिच्यावर घसरत का होईना चालायचा. लाल दिव्याचा आला आणि बावचळला. त्याच्या पोटातला चिमुकला कॅमेरा सेकंदाला हजाराहून जास्त वेळा खालच्या पृष्ठभागाचं चित्र घेतो, आधीच्या चित्राशी ताडून पाहतो आणि आपण किती सरकलो ते ठरवतो. त्यासाठी त्याला खाली काहीतरी खरखरीत लागतं, कागदाचे तंतू, लाकडाच्या रेषा. स्वच्छ काचेवर त्याला बघायलाच काही नसतं. मग माउसखाली फाइल आली, फाइलवर वही आली, शेवटी पॅड आलं. पॅड तेव्हा फुकट मिळे. कागदवाला देई, विम्याचा एजंट देई, त्यावर बारा महिन्यांचं कॅलेंडर छापलेलं असे आणि ते साल उलटून गेलं तरी पॅड टेबलावर राही.

प्रकाशावर चालणारे माउस त्याही आधी होते. १९८०च्या दशकात सन कंपनीच्या वर्कस्टेशनबरोबर असा एक येई. त्याला रेघांची जाळी छापलेलं धातूचं खास पॅड लागायचं. पॅड जरा तिरकं झालं की कर्सरही तिरका जायचा. १९९९ साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर आला तो कुठल्याही सतरंजीवर चालणारा. तो तांबडा उजेडही आता जात चालला आहे. बऱ्याच नव्या माउसमधला प्रकाश दिसतच नाही. कॉम्प्युटर बंद केल्यावरही अंधाऱ्या खोलीत माउस लाल राहायचा आणि घरातलं कुणीतरी हमखास विचारायचं, "वीज खातो का रे तो?"

मधलं बटण

तीन बटणांचे माउस होते. युनिक्सवाल्यांचं मधल्याशिवाय चालत नसे. मजकूर निवडायचा, हवा तिथे जाऊन मधलं दाबायचं, मजकूर उतरला. कॉपी नको, पेस्ट नको. १९९६ च्या इंटेलिमाउसनं मधोमध चाक बसवायची चाल रूढ केली आणि बटण चाकाच्या खाली गेलं. आता चाकच दाबायचं. ऑटोकॅडवर नकाशे काढणाऱ्याला विचारा. नकाशा सरकवायला दिवसभर चाक दाबून धरायचं, आणि दाबता दाबता ते एक दात फिरलं की नकाशा एकदम जवळ येतो. पुढे चाकाच्या आतली फिरकी झिजते. पान खाली न्यावं तर ते मध्येच एक पायरी वर उडी मारतं. वाचताना डोळा चुकतो, हिशेबाच्या तक्त्यात ओळ चुकते.

टक

डावं बटण दाबल्यावर टक असा आवाज येतो तो प्लास्टिकचा नव्हे. आत एक छोटं स्विच असतं, त्यात वाकवून बसवलेली धातूची पत्ती. दाबली की ती उलटते, सोडली की परत येते. कित्येक माउसमध्ये हे स्विच जपानच्या ओम्रॉनचं, त्यामुळे बाहेरून नावं वेगळी आणि आजार एकच. पत्ती थकते किंवा तिच्या टोकावर थर चढतो, आणि एकदा दाबलं तरी कॉम्प्युटरला दोनदा ऐकू जातं.

हा आजार बोलूनचालून किरकोळ, पण कामाला बसलेल्या माणसाला वेड लावणारा. एका क्लिकनं फाइल निवडायला जावं तर ती उघडते. एका अक्षरापाशी कर्सर ठेवायला जावं तर अख्खा शब्द निवडला जातो आणि पुढची कळ दाबताच नाहीसा होतो. सगळ्यात वाईट म्हणजे ओढून नेणं. फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरकडे नेताना स्विच वाटेत क्षणभर सुटतं, आणि फाइल मधल्याच कुठल्यातरी फोल्डरमध्ये पडते. ती हरवलेली नसते, कुठे आहे ते फक्त कळत नाही.

डब्यावर लिहिलेलं असतं, एक कोटी क्लिक. दोन कोटी. महागड्यावर त्याहूनही जास्त. गेमिंगच्या काही माउसमध्ये आता धातूची टोकं टाळून प्रकाशावर चालणारी स्विचं येतात, त्यांना हा रोग होत नाही. पण पत्रं टाइप करणाऱ्या, पावत्या करणाऱ्या, शाळेचे दाखले काढणाऱ्या माणसासाठी ती सहसा कुणी बनवत नाही.

स्क्रू

गोळीच्या माउसला खाली एखाददुसरा स्क्रू उघडा दिसे. आता ते तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपवलेले असतात. माउस सरकतो तो या पट्ट्यांवर. त्या उपटल्याशिवाय उघडता येत नाही आणि उपटल्या की पहिल्यासारख्या चिकटत नाहीत, माउस टेबलावर लंगडतो. उघडला तरी पुढे काय? स्विच काही रुपयांत मिळतं, सोल्डरिंगचं काम दहा मिनिटांचं. ते करणारी माणसं होती. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एका कोपऱ्यात माउसची वायरही जोडून मिळे. वायर तुटायची ती नेहमी माउसमध्ये शिरते तिथे. तेवढी दोन बोटं कापायची, आखूड करून पुन्हा जोडायची. आता तोच माणूस मोबाइलच्या काचा बदलतो आणि माउस पुढे केला की हसतो. त्याचंही बरोबर आहे. तीनशे रुपयांच्या वस्तूला तो किती मजुरी लावणार?

वायर

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात पहिला माउस तयार केला, तो लाकडी ठोकळा होता. खाली काटकोनात दोन चाकं, वर एकच बटण. वायर मात्र सुरुवातीला मनगटाच्या बाजूनं निघे, हाताखाली येई, म्हणून ती पुढे बोटांच्या बाजूला नेली. वापरताना अडलं आणि बदललं, इतका सरळ मामला.

आता वायरच नको झाली आहे. तिच्या जागी नखाएवढा डोंगल. तो हरवला तर कित्येक माउस जिवंत असून निकामी, कारण दुसऱ्या डोंगलला ते ओळख देत नाहीत. लॉजिटेकनं २००९ मध्ये अनेक वस्तूंना एकच चालेल असा डोंगल काढला, लोकांना सवय झाली. २०२१ मध्ये त्याच कंपनीनं नवा काढला, आणि नव्याचा माउस जुन्या डोंगलवर चालत नाही. दोन्ही दिसायला जुळे भाऊ. ॲपलच्या २०१५ च्या मॅजिक माउसला चार्जिंगचं भोक पोटाला दिलं आहे, चार्ज होईपर्यंत तो उताणा पडलेला असतो. २०२४ मध्ये भोकाचा प्रकार बदलला. जागा तीच राहिली.

पत्ते

विंडोजमध्ये १९९० पासून सॉलिटेअर असे. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकायला बसलेल्या काका-मावश्यांचा हात त्याच्यावर बसला. पान दाबून धरायचं, ओढत न्यायचं, जागेवर सोडायचं. एमएस-सीआयटीच्या वर्गात सर बाहेर गेले की तेच. विंडोज ८ मध्ये ते आपोआप येईनासं झालं. तोवर शिकणाऱ्यांचा हात फोनच्या काचेवर गेला होता.

डावा हात

सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण उलटं करता येतं. आकार उलटा करता येत नाही. जुना माउस दोन्हीकडून सारखा होता, डावखुऱ्यानं उचलून पलीकडे ठेवला की झालं. अंगठ्यासाठी खोबण, अंगठ्याखाली दोन बटणं असं सुरू झालं तेव्हापासून चांगला माउस म्हणजे उजव्या हाताचा माउस. लॉजिटेकनं २०२२ मध्ये उभ्या धाटणीचा लिफ्ट काढला, त्याची डावी आवृत्ती आहे. पण अशी नावं शोधावी लागतात. बाकी डावखुऱ्यांसाठी उरला तो तीनशेचा, साधा, दोन्हीकडून सारखा. त्यांच्या वाट्याला समानता आली ती अशी.

मध्यम माप

एक लॅपटॉपबरोबर न्यायचा, काड्यापेटीएवढा, हाताची बोटं आखडवणारा. एक गेम खेळायचा, अवाढव्य, कडांमधून रंगीत दिवे सोडणारा. मधला, साध्या हाताला साधा बसणारा, दिवे नसलेला आणि टिकणारा, तो दुकानात सहसा नसतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत डीपीआय, म्हणजे माउस एक इंच हलला की कर्सर किती ठिपके सरकतो तो आकडा. काही माउस आता २५,६०० सांगतात. नेहमीचा पडदा १,९२० ठिपके रुंद असतो. हिशेब केला तर पूर्ण जोरावर ठेवलेला असा माउस दोन मिलिमीटरही हलवायच्या आत कर्सर या टोकाचा त्या टोकाला जाईल. हे कुणाच्या मनगटासाठी आहे? हाताची लांबी-रुंदी मात्र कुठल्याच डब्यावर नसते. चपलेला नंबर असतो, माउसला नाही.

काउंटरवरचा नमुना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानाच्या काउंटरवर चार-सहा माउस उघडे पडलेले असत. मळलेले, वायरी गुंतलेले. त्यांच्यावर हात ठेवून बघायचा. अंगठा कुठे टेकतो, करंगळी टेबलाला घासते का, चाक जड आहे की सैल, टक खोल आहे की उथळ. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असे, घाई करत नसे. आता माल सीलबंद असतो. कठीण प्लास्टिकच्या आत माउस दिसतो, हात पोचत नाही.

"उघडून बघू का?"

"सील तोडलं की घ्यावा लागेल, काका."

"हाताला बसतो का ते कसं कळणार?"

"सगळे सेमच असतात. हा खूप जातो, हाच घ्या."

त्या पोराची चूक नाही. उघडलेला माउस तो पुढच्याला विकू शकत नाही. ऑनलाइन घ्यावा तर चित्रातला हात दुसऱ्याचाच, आणि त्याच्याशी आपला कसा ताडून बघणार? खाली तारे आणि अभिप्राय असतात. लोक लिहितात, वेळेवर पोचला, पॅकिंग छान होतं. माउस वर्षभरानं कसा आहे, हे लिहायला फार थोडे परत येतात.

तेच नाव

हाताला बसलेला माउस बिघडला की माणूस त्याला उलटा करून नंबर वाचायला जातो. टेबलावर घासून नेमका तोच पुसलेला असतो. वाचता आला तरी ते मॉडेल बंद. चालू असलं तर नाव तेच, आत सेन्सर वेगळा, बटणांचा दाब वेगळा, वायर जास्त ताठ. जुना आकार चांगला होता हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये क्लासिक या नावानं इंटेलिमाउस पुन्हा काढला, लॉजिटेकनं २०१९ मध्ये आपला २००५ चा एमएक्स ५१८ परत आणला. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःच्या नावाचे माउस-कीबोर्ड काढणंच थांबवलं.

राखून ठेवलेला

म्हणून जाणकार सांगतात, पसंत पडला की एकदम दोन घ्यावेत. एक वापरात, एक कपाटात. यात अडचण अशी की चांगल्या माउसला बोटांच्या जागी मऊ रबरासारखा मुलामा असतो, आणि तो पॉलियुरेथेनचा असला तर हवेतल्या ओलाव्यानं त्याचं रसायन सुटत जातं. कोकणात आणि मुंबईत पावसाळा चार महिन्यांचा. काही पावसाळ्यांनी कपाटातला डबा फोडला तर आतला माउस कधीही न वापरलेला, कोरा, आणि हाताला गुळासारखा चिकट. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं चोळून चोळून तो थर काढता येतो. कापूस काळा होतो, बोटंही. खालून निघालेलं कडक प्लास्टिक तितकं आरामाचं नसतं, पण स्विच नवं असतं आणि टक स्वच्छ वाजते.